खाडी म्हणायची की नदी? ठाण्याच्या पायी फेरीची पार्श्वभूमी

जुने ठाणे पायी बघायला आलेल्या पाहुण्याला आपण पहिल्यांदा तलावपाळीवर नेतो. मासुंदा तलाव, कोपिनेश्वराचे देऊळ, जांभळी नाका, टेंभी नाक्याचे १८७९ सालचे सिनेगॉग, मग मिसळ. दोन तासांत फेरी उरकते आणि पाहुण्याला पाणी दिसते ते फक्त तलावाचे. ज्या पाण्यामुळे हे गाव बंदर झाले, ते स्टेशनच्या पलीकडे मीठबंदर रोडच्या टोकाला असते. तिकडे फारसे कोणी नेत नाही.

याचे एक कारण नावात आहे. आपण त्या पाण्याला खाडी म्हणतो, आणि शहरी कानांना खाडी म्हणजे चिखल, वास आणि भराव. नदी म्हटले की घाट आठवतो, देऊळ आठवते, काठाने फिरावेसे वाटते. प्रत्यक्षात राजमाचीच्या बाजूने उतरणारी उल्हास कल्याणवरून ठाण्याच्या अंगाला येते. तिचे मोठे पात्र घोडबंदरवरून वसईकडे जाते, तर अरुंद फाटा कळव्याच्या पुलांखालून दक्षिणेला मुंबई बंदराकडे. या दोन फाट्यांमुळेच साष्टी, म्हणजे ठाणे आणि मुंबईची उपनगरे ज्यावर आहेत तो भाग, बेट ठरला. ठाण्यापुढच्या फाट्यात नदीचे पाणी थोडे आणि भरतीचे जास्त, म्हणून ती खाडी. कोळीवाड्यातही खाडीच म्हणतात आणि ते बरोबरच आहे. त्यांच्या तोंडी या शब्दात मासळी असते, भरती-ओहोटीचे वेळापत्रक असते. आपण बाकीच्यांनी तो शब्द उचलला आणि त्यातले हे सगळे टाकून दिले.

कागदोपत्री हा गुंता आणखी वाढतो. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा बघतात, खाडीकाठी सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम. खारेपणा किती आतपर्यंत धरायचा, तर वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात हजार भागांत पाच भाग क्षार जिथवर सापडतील तिथवर. खाडीलगतचा राखीव पट्टा २०११ च्या अधिसूचनेत १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतले जे कमी ते, असा होता. २०१९ मध्ये १०० चे ५० झाले. काठाने चालायला किती जागा उरणार, हे अशा आकड्यांवर ठरते, म्हणून खाडी की नदी हा निर्णय किरकोळ मानता येत नाही. २०१६ च्या कायद्याने देशातल्या १११ जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा दिला. त्यातल्या ५३व्या क्रमांकाच्या नावात कल्याण, ठाणे, मुंबई आहेत, वसईची खाडी आहे आणि उल्हास नदीही आहे. तिथे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी बसले.

मागे जायचे तर कोकणात राज्य केलेल्या शिलाहारांपर्यंत जाता येते. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम करताना त्यांचे १०१७ सालचे ताम्रपट निघाले. शिलाहारांच्या लेखांत या गावाचे नाव श्रीस्थानक असे येते. आज ‘ठाणे स्थानक’ म्हणताना आपण एकच नाव दोनदा घेत असतो.

फेरीसाठी खरा महत्त्वाचा काळ मात्र किल्ल्याचा. मराठ्यांच्या धास्तीने पोर्तुगिजांनी १७३० च्या सुमारास तो बांधायला घेतला, तोही खाडीवर नजर राहील अशा जागी. काम पुरे होण्याआधीच, १७३७ च्या वसंतात, मराठ्यांनी तो घेतला. कोपिनेश्वराचे आजचे देऊळ त्यानंतरचे, १७६० चे. २८ डिसेंबर १७७४ ला इंग्रजांनी हल्ला करून किल्ला जिंकला आणि १७८२ च्या मराठे-इंग्रज सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडेच राहिली. पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला. नाशिकच्या कलेक्टरच्या खुनाबद्दल तीन तरुणांना १९ एप्रिल १९१० ला इथेच फाशी दिले. आजही ते मध्यवर्ती कारागृहच आहे, त्यामुळे पायी येणाऱ्याच्या वाट्याला बाहेरची भिंत येते. शहरातल्या या जुन्या लढाऊ वास्तूची ओळख भिंतीवरूनच करून घ्यावी लागते, याची खंत वाटते.

बंदराचे महत्त्व रस्त्याने आणि रुळांनी कमी केले. मुंबई बेटाला साष्टीशी जोडणारा शीवचा बांधरस्ता १८०५ पर्यंत झाला. १६ एप्रिल १८५३ ला मुंबईच्या बोरीबंदरहून ३४ किलोमीटरवर ठाण्याला पहिली रेल्वेगाडी आली, आणि पुढच्याच वर्षी पूल बांधून रूळ खाडीपलीकडे कल्याणला गेले. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा आला. बंदरे गेली, नावे राहिली: मीठबंदर, रेतीबंदर, नागला बंदर. घोडबंदर रोडच्या कोंडीत अडकलेल्या किती जणांना त्यातले बंदर ऐकू येत असेल?

अलीकडच्या वर्षांत काठाकडे पुन्हा लक्ष गेले आहे. खाडीचा दक्षिणेकडचा रुंद भाग २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य झाला, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. शहरालगत सुशोभनाची कामे निघाली. त्यातल्या फरसबंदीपेक्षा तिवरे टिकणे जास्त महत्त्वाचे आहे, कारण काठ त्यांनी धरून ठेवलेला आहे.

पाहुण्याला न्यायचे असेल तर ओहोटीच्या वेळी न्यावे. कळव्याच्या पुलावरून खाली बघितले की राखाडी चिखलातून तिवरांची श्वासमुळे पेन्सिलीसारखी वर आलेली दिसतात, त्यांच्यामधून निवट्या, म्हणजे चिखलावर राहणारे छोटे मासे, उड्या मारत पळतात. तासाभरात पाणी चढू लागते आणि तो चिखल झाकला जातो.