'पाव' हे नाव पायांवरून आलेलं नाही

बेकरीत कणीक पायांनी तुडवतात म्हणून त्याला 'पाव' म्हणतात, ही गोष्ट माझ्या आजीनेही सांगितली होती आणि आजही ती फिरतेच आहे. ती चुकीची आहे.

खाण्याचा पाव पोर्तुगीज 'पांव' या शब्दातून आला. तिथे त्याचा अर्थ साधा ब्रेड, आणि मूळ लॅटिन 'पानिस'. फ्रेंच आणि स्पॅनिशमधले ब्रेडचे शब्दही त्याच घरातले. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. पाव भाजणाऱ्याला गोव्यात 'पोदेर' म्हणतात, तोही पोर्तुगीज 'पादेइरू'च. पोर्तुगीज जपानलाही गेले, म्हणून जपानी माणूस ब्रेडला 'पान' म्हणतो. तिथे पायाचा संबंध कोण कसा लावणार?

गोंधळ का होतो, तेही समजण्यासारखं आहे. 'पावशेर'मधला पाव, म्हणजे चौथा हिस्सा, संस्कृत 'पाद'वरून आला आणि आपला 'पाय'ही तिथूनच. हे दोघे खरे भाऊ. 'देव पावला'मधलं पावणं मात्र 'प्राप्'वरून आलेलं, वेगळंच. लादीतला पाव या कुणाचाच नातेवाईक नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या पहाटे भट्टीपाशी राबणाऱ्यांच्या हातच्या अन्नाला हा डाग उगाच लागला, याचं मला फार वाईट वाटतं.