तांबड्या पाण्यात आवाज कुठे मुरतो?

मासेमारीबंदी 31 जुलैला संपते. त्यानंतरच्या आठवड्यात जयगडच्या खाडीतून बाहेर पडत होतो. शास्त्री नदी अजून जांभ्याची माती ओतत होती, पाणी चहासारखं. फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ आणि मासळी दाखवणारं यंत्र. त्याच्या पडद्यावर तळाची रेघ फिकट, तुटक. तांडेलकाकांनी 200 किलोहर्ट्झचा (सेकंदाला दोन लाख कंपनांचा) बारीक आवाज बदलून 50 चा लावला आणि रेघ ठसठशीत उमटली. "तांबड्या पाण्यात बारीक आवाज मरतो," एवढंच म्हणाले.

हे दोन्ही आवाज आपल्याला ऐकू येत नाहीत. आपला कान 20 किलोहर्ट्झलाच हात टेकतो. पण काकांचं म्हणणं खरं आहे.

मला आधी वाटायचं, मातीचे कण आवाज अडवत असतील. पण पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, म्हणजे 200 किलोहर्ट्झची एक लाट साडेसात मिलिमीटर लांब. चिकणमातीचा कण अडीच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरला, तर लाट त्याच्या तीन हजार पट मोठी. एवढासा कण तिला काय अडवणार?

तो अडवत नाही, घासतो. पेजेचा वाडगा हातात धरून भरभर हलवून बघा: पाणी लगेच हलतं, शितं मागे रेंगाळतात. मातीचा कण पाण्याच्या अडीच पट जड. लाटेबरोबर पाणी सेकंदाला दोन लाख वेळा मागेपुढे होतं, कण तेवढा चपळ नसतो. त्याच्याभोवतीचा पाण्याचा मायक्रॉनभर जाडीचा थर घासला जातो आणि आवाजाची ऊर्जा उष्णता होऊन जाते. कण फारच बारीक असेल तर तो पाण्याबरोबर मुकाट वाहतो. वाळूसारखा मोठा असेल तर तेवढ्याच वजनात घासायला पृष्ठभाग कमी. सगळ्यात जास्त खातो तो मधला, त्या थराच्याच मापाचा.

हिशेब मांडून पाहिला. लिटरला ग्रॅमभर असा गाळ, खोली 10 मीटर. तळाला जाऊन परत येईस्तोवर गाळामुळे 200 किलोहर्ट्झचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. 50 चा मात्र तीन-चतुर्थांशाहून जास्त. (होडीच्या पंख्याच्या फेसातले बुडबुडे याहून वाईट. तिथे दोन्ही आवाज गारद होऊ शकतात.)

अमेरिकेच्या रॉबर्ट युरिक यांनी 1948 साली केओलिन माती आणि वाळू पाण्यात कालवून हे शोषण मोजलं होतं. केओलिन म्हणजे चिनी माती, आपल्या सिंधुदुर्गातही सापडते ती.

सोलकढीची गोष्ट वेगळी. नारळाच्या दुधातले तेलाचे थेंब जवळपास पाण्याइतकेच जड, म्हणून फारसे रेंगाळत नाहीत. पण लाटेच्या दाबाने तेल आणि पाणी कमी-जास्त तापतात, थेंबाच्या कडेने उष्णता इकडून तिकडे झिरपते आणि लाट तिथे खर्ची पडते.

मला यातली गंमत वाटते ती उलट्या वाटेची. कुठला स्वर किती मुरला हे मोजलं, तर कण केवढे आणि किती, याचा अंदाज बांधता येतो. पाणी गाळायला नको, की पातळ करायला नको. दूध किंवा रंगासारख्या, आरपार न दिसणाऱ्या द्रवांत हे विशेष कामाचं. प्रकाश जिथे शिरतच नाही, तिथे आवाज निदान थोडा तरी पलीकडे पोचतो.

काकांनी बंदराबाहेर निळं पाणी लागल्यावर पुन्हा 200 लावलं. बारीक मासळी त्यात जास्त नीट दिसते.