द टेररिस्ट (तमिळ चित्रपट)

'द टेररिस्ट' हा संतोष सिवन यांचा १९९८ चा तमिळ चित्रपट. सिवन मूळचे कॅमेरामन, पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, 'रोजा' आणि 'दिल से' त्यांनीच शूट केलेत, आणि गंमत बघा, 'दिल से' पण त्याच वर्षीचा आणि त्यातही आत्मघाती हल्ल्यासाठी निघालेली एक मुलगीच आहे. पण तिथे आपण तिच्याकडे तिच्या प्रेमात पडलेल्या माणसाच्या नजरेतून बघतो, इथे मधे कोणीच नाही, कॅमेरा थेट तिच्या चेहऱ्याला लागून. प्रमुख भूमिका मुंबईत जन्मलेल्या आयेशा धारकरची. सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला, आणि कैरोच्या महोत्सवात हा बघून हॉलिवूडचा नट जॉन मालकोविच इतका भारावला की अमेरिकेत तो त्याच्या नावाखाली दाखवला गेला.

चित्रपटामागची घटना सगळ्यांना माहीत आहे. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला प्रचारसभेत धनू नावाच्या मुलीनं राजीव गांधींना हार घालायला पुढे येऊन, पाया पडायला वाकून स्वतःला उडवलं, राजीव गांधींबरोबर आजूबाजूची बरीच माणसं गेली. तिथला फोटोग्राफरही त्यात गेला पण त्याचा कॅमेरा शाबूत सापडला, आणि त्यातल्या फोटोत चंदनाचा हार घेऊन उभी असलेली ती मुलगी दिसते. चित्रपटात मात्र धनूला पाठवणाऱ्या एलटीटीई या श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोर संघटनेचं नाव नाही, देशाचं नाही, ज्याला मारायचंय त्या नेत्याचं पण नाही.

चित्रपटाची नायिका मल्ली १९ वर्षांची आहे. भाऊ चळवळीत शहीद झालेला, त्यामुळे शहीदाची बहीण ही तिची ओळख आधीच ठरलेली, आणि सुरुवातीलाच ती एका फितुराला मारते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रेषही हलत नाही. मानवी बॉम्ब म्हणून तिची निवड होते तो तिला मान वाटतो. इथे नियती म्हणजे कपाळावरची रेघ नाही, ती माणसांनी आखलेली योजना आहे, तारीख ठरलेली, बॉम्बचा पट्टा कुठे बांधायचा, हार कसा घालायचा, बटण कधी दाबायचं याची तालीम झालेली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण दुसऱ्यांनी ठरवलेली गोष्ट ती स्वतःचीच इच्छा समजून चाललेली असते, जबरदस्ती कोणीच करत नाही.

लोटस नावाचा एक पोरगा तिला सुरुंग पेरलेल्या जंगलातून, ओढ्यातून बाहेर काढतो, मी पाय ठेवतो तिथेच पाय ठेवायचा असं सांगत. एवढ्या लहान वयात मरण कुठे पुरलंय हे त्याला पाठ आहे, आणि रक्त बघून रडणाराही तोच. दहशतवादाबद्दलचा नैतिक प्रश्न चित्रपट भाषणातून विचारतच नाही, तो असा पावलांच्या ठशांतून विचारतो.

पुढचे दिवस मल्ली वासू नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे राहते. तिच्या मनात काय आहे ते त्याला माहीत नाही. त्याची बायको ७ वर्षं कोमात आहे, तो तिला भरवतो, तिच्याशी बोलतो, जेवायला बसल्यावर पण तोंडाची टकळी चालूच. जिथे जगण्यासारखं काहीच उरलं नाही असं कोणीही म्हणेल तिथे हा माणूस रोज नव्यानं उठतो, आणि धडधाकट मल्ली दिवस मोजतेय. त्यातच तिला कळतं की आपल्याला दिवस गेलेत, एका जखमी सोबत्याबरोबर काढलेल्या एका रात्रीमुळे. आता बटण दाबलं तर ती एकटी मरणार नाही.

शेवटी हार हातात, नेता समोर, अंगठा बटणावर. आणि बटण दाबलं जात नाही, चित्रपट तिथेच थांबतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला पटतो. पोटात मूल आहे म्हणून हात थांबला असेल तर ती निवड म्हणायची की एका नियतीच्या जागी दुसरी आली म्हणायची, कारण बाई आहे म्हणजे आई होणारच आणि आई आहे म्हणजे थांबणारच असं मानणं पण एक प्रकारचं आधीच ठरवणंच झालं. आणि ज्याला मारायचं होतं तो माणूस, त्याच्या भोवतीची गर्दी, त्यांच्या जिवाचं मोल तिच्या मनात कुठे येतं असं फारसं दिसत नाही. तरीही मला वाटतं की उत्तर पूर्णपणे मुलात नाही. सिवन सगळा वेळ पावसाचे थेंब, ओली पानं, मल्लीचा श्वास इतक्या जवळून दाखवतात, इतका मोठा ऐकवतात, की चळवळीनं बॉम्ब म्हणून तयार केलेलं ते शरीर हळूहळू तिचं स्वतःचं होत जातं, आणि मूल हा त्याचाच एक भाग. धनूला असा कोणी वासू भेटला असता तर, हा विचार चित्रपट संपल्यावर बराच वेळ डोक्यातून जात नाही.