स्पाइक गार्ड लावला म्हणजे टीव्ही-फ्रिज सेफ झाले का?

एप्रिल लागला की गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागात वळीव सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात दोन-चार जण ठरलेले, कुणाच्या हातात राउटर, कुणाच्या हातात सेटटॉप बॉक्स, आणि प्रश्न एकच, "स्पाइक गार्ड लावला होता की ओ, मग कसं काय गेलं?" काउंटरवर गर्दीत सगळं नीट सांगणं होत नाही, म्हणून हे लिहून काढलंय. स्पाइक गार्ड, म्हणजे लाइनवरच्या क्षणभराच्या जादा व्होल्टेजच्या झटक्यापासून (स्पाइकपासून) उपकरणं वाचवायचा एक्स्टेंशन बोर्ड, आम्ही पण विकतो, पण तो काय करतो आणि काय करत नाही हे कळल्याशिवाय तुम्ही तो नेऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

आधी त्याच्या आत काय असतं ते बघा. चांगला स्पाइक गार्ड उघडला की आत शर्टाच्या बटणापेक्षा थोडी मोठी, बहुतेक वेळा निळ्या रंगाची चकती दिसते, तिला एमओव्ही म्हणतात, झिंक ऑक्साइडची असते. 230 व्होल्ट चालू असताना ती गप्प बसते, तिच्यातून करंट जवळपास जातच नाही. पण लाइनवर अचानक हजार-दोन हजार व्होल्टचा झटका आला की ती क्षणात वाट मोकळी करून देते आणि तो जास्तीचा करंट स्वतःच्या अंगावर घेते, पुढं टीव्हीला 700 व्होल्टच्या आसपासच पोचतं. 700 पण जास्तच की, असं वाटेल. पण हा झटका सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यात संपतो आणि घरातली बहुतेक उपकरणं एवढा छोटा झटका सोसतील अशीच बनवलेली असतात. म्हणजे जवळपास कुठं मोठी मोटर बंद-चालू झाली, लाइट जाऊन धाडकन आली, लांब कुठंतरी वीज पडून तारेतून झटका आला, अशा कामाला स्पाइक गार्ड खरंच उपयोगी आहे. यात शंका नको.

आता तो कुठं कमी पडतो ते सांगतो, कारण आमच्याकडं येणारी बरीचशी जळालेली उपकरणं स्पाइकनं गेलेली नसतातच.

गेल्या मे महिन्यात एका चाळीतून फोन आला, सगळ्या खोल्यांत काहीतरी विचित्र चाललंय, एका घरात बल्ब डोळे दिपतील एवढा पेटलाय आणि शेजारच्या घरात नुसता लाल दिसतोय. आम्ही फोनवरच सांगितलं, मेन स्विच पाडा, काही बघत बसू नका. जाऊन मीटर बोर्ड उघडला तर न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत जायच्या तारेचा, स्क्रू ढिला, तार काळी पडलेली, हात लावला तर निघूनच आली. थ्री फेज सप्लायमध्ये प्रत्येक घराला एक फेज (वीज आणणारी तार) आणि सगळ्यांना मिळून एक न्यूट्रल असतो, तो तुटला की दोन फेजमधले 400 व्होल्ट घराघरांत वाटले जातात, आणि ज्या घरात लोड कमी त्याच्याकडं व्होल्टेज जास्त. असलं व्होल्टेज पाच मिनिटं, दहा मिनिटं, कुणी मेन पाडेपर्यंत राहतं. एमओव्ही क्षणभराच्या झटक्यासाठी आहे, तिला मिनिटभर 350-400 व्होल्ट दिले की ती तापून फुटते. त्या चाळीतल्या एका घरातला स्पाइक गार्डचा बोर्ड आम्ही तिथंच उघडला, चकतीचे दोन तुकडे, आत सगळी काजळी, प्लास्टिक वितळून एका बाजूला ओघळलेलं. त्या घरातला टीव्ही वाचला, कारण बोर्डातला फ्यूज वेळेत उडाला. पण फ्रिज सरळ भिंतीतल्या सॉकेटला होता, त्याचा पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेला. तो बोर्ड पडद्याला लागून ठेवलेला होता हे आठवलं की आजही कसंतरी होतं.

असल्या फॉल्टला उपाय वेगळा आहे. डीबीमध्ये (घरातल्या मेन स्विचच्या बॉक्समध्ये) ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवायचा, छोटा डिजिटल डिस्प्ले असतो, व्होल्टेज साधारण 270 च्या वर किंवा 170 च्या खाली गेलं की सगळं घर कट करतो आणि सप्लाय नीट झाल्यावर थोडं थांबून परत जोडतो. तुमचं बजेट एकाच वस्तूचं असेल तर आमच्या मते आधी हा घ्या. एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडते ती, हे काम करत नाही, ती करंट बघते, व्होल्टेज नाही. आणि लो व्होल्टेजचा त्रास असेल, पंखा हळू फिरतो, फ्रिज चालू होताना कण्हतो, तर तिथं स्टॅबिलायझर लागतो, स्पाइक गार्डला व्होल्टेज वाढवता येत नाही.

दुसरी गोष्ट अर्थिंगची, आणि ही आम्ही प्रत्येकाला सांगतो तरी लोक मनावर घेत नाहीत. चांगल्या गार्डमध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही ठिकाणी संरक्षण असतं. अर्थच नसेल तर तिन्हीतली दोन कामं बंद. जुन्या घरात थ्री पिन सॉकेट दिसतं पण मागं हिरवी तार जोडलेलीच नसते, किंवा अर्थिंगचा खड्डा आहे पण वीस वर्षांत कुणी पाणी घातलेलं नाही. वायरमनकडून मीटरनं तपासून घ्या, फेज आणि अर्थमध्ये पण 230 च्या जवळ व्होल्टेज दाखवायला पाहिजे, लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नको. स्वतः करू नका, प्लीज.

वीज पडण्याबद्दल. घरावर किंवा जवळच्या खांबावर थेट वीज पडली तर तिच्यात हजारो अँपिअर असतात, प्लगमधल्या चकतीचं ते काम नाही. डीबीमध्ये टाइप 2 एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस) बसवला तर तारेतून येणारा बराच मोठा झटका तो अर्थला घालवतो, त्याच्या खिडकीत हिरवं दिसतंय तोवर तो चांगला, लाल झालं की आतली कार्ट्रिज बदलायची. अर्थिंग चांगलं नसेल तर हा पण बसवू नका, पैसे वाया. बाकी वळवाच्या दिवसात सगळ्यात खात्रीचा उपाय फुकटचा आहे, प्लग काढून ठेवणं. नुसतं बटण बंद करून भागत नाही, स्विचमधल्या दोन-चार मिलिमीटर फटीतून विजेचा झटका उडी मारून जातो आणि न्यूट्रल तर जोडलेलाच असतो. आभाळ भरून यायला लागलं की काढा, चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद लागले तर वीज एक किलोमीटरवरच आहे, मग कशालाच हात लावू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलवर घ्या, आसपास वीज पडतीय का ते कळतं. आणि डिशची केबल विसरू नका, टीव्हीचा प्लग काढून केबल तशीच ठेवली म्हणून एचडीएमआय पोर्ट गेलेले टीव्ही आम्ही पाहिलेत. फायबरच्या काचेतून करंट येत नाही पण राउटरचा अडॅप्टर लाइनलाच असतो, तो काढा.

घेताना बॉक्सवर जूल (चकती किती ऊर्जेचा झटका सोसते तो आकडा) आणि थर्मल फ्यूज (जास्त तापलं की सप्लाय तोडणारा) लिहिलंय का बघा. बाजारात स्पाइक गार्ड म्हणून मिळणाऱ्या कितीतरी बोर्डांत नुसता स्विच, फ्यूज आणि लाल दिवा असतो, चकती नसतेच, म्हणजे तो साधा एक्स्टेंशन बोर्ड झाला. गीझर, एसी, इस्त्री त्यावर लावू नका, एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नका. आणि चकती प्रत्येक मोठ्या झटक्याला थोडी झिजते, वरून काही कळत नाही, लाल दिवा तरी पेटतोच कारण तो फक्त सप्लाय दाखवतो. संरक्षणाचा वेगळा दिवा असेल आणि तो विझला असेल तर बोर्ड बदला.

तुमच्या घरी जुना बोर्ड असेल तर येताना घेऊन या, तुमच्यासमोर उघडून चकती आहे का, काळी पडलीय का ते दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही.