अपहार-प्रतिबंध (सहकारी पतसंस्था)

संस्थेचा पैसा, तारण किंवा कागदपत्रे आतल्याच माणसाने लाटू नयेत म्हणून कामकाजात आधीच करून ठेवलेली व्यवस्था. ती कारखान्याला लागते, दुकानाला लागते, कचेरीलाही लागते. सांगलीत मात्र तिचा विचार पतसंस्थेपासून करावा, कारण हळद-बेदाण्याच्या या बाजारपेठेत हमालाची, चहाच्या टपरीची, भाजीवालीची रोजची शिल्लक पतसंस्थेत जाते. बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. तिथे झालेला अपहार थेट गरिबाच्या घरात शिरतो.

अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी तुरुंगातल्या अपहारकर्त्यांशी बोलून १९५३ साली तीन कारणे मांडली: कुणाला सांगता न येणारी पैशाची नड, हाताशी असलेली संधी आणि ‘पुढच्या महिन्यात परत भरू’ अशी मनाची घातलेली समजूत. नड आणि समजूत माणसाच्या आत असतात, त्यांवर संस्थेचे फारसे चालत नाही. संधी मात्र संस्थेनेच दिलेली असते.

पिग्मीत ती सर्वांत मोठी. रोज दारात येऊन ठेव गोळा करण्याची ही पद्धत सिंडिकेट बँकेच्या संस्थापकांपैकी टी. एम. ए. पै यांनी १९२८ साली उडुपीत सुरू केली. वखारभागातून मार्केट यार्डापर्यंत फिरणाऱ्या एजंटाकडे रोकड, नोंद आणि भरणा ही तिन्ही कामे असतात. समजा, एका दुकानदाराचे २०० रुपये त्याने घरखर्चाला वापरले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानाच्या पैशातून तो पहिल्याचा भरणा करतो, तिसऱ्या दिवशी आणखी कुणाच्या पैशातून दुसऱ्याचा. खड्डा रोज पुढे सरकतो, मोठा होतो, आणि तो झाकायला माणूस रोज हजर असावाच लागतो. वर्षानुवर्षे एकही रजा न घेणाऱ्याचा वार्षिक सभेत सत्कार होतो, तेव्हा त्याचे काम दुसऱ्या कुणी कधी पाहिले आहे का, हेही संचालकांनी विचारायला हवे. जोखमीच्या जागांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान १० कामाचे दिवस, पूर्वसूचना न देता, सक्तीची रजा द्यावी असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये बँकांना सांगितले. पतसंस्थांनी ही रीत आपणहून उचलावी.

सोनेतारणात धोका वेगळा. जिल्ह्यातल्या विटा परिसरातले गलाई कारागीर देशभर सोने गाळण्याचा धंदा करतात. दागिन्याची पारख करणाऱ्यांची इथे वाण नाही. तरीही अनेकदा एकाच मूल्यांकनकाराच्या शब्दावर कर्ज सुटते. त्याचा मोबदला कर्जाच्या रकमेवर ठरत असेल, तर वजन आणि कस फुगवण्याचा मोह संस्थेनेच पुढे ठेवलेला असतो. ठरावीक मोबदला, पिशव्या सीलबंद, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे आणि अधूनमधून दुसऱ्या सराफाकडून अचानक फेरतपासणी एवढ्याने बरेच साधते.

या बंदोबस्ताला कर्मचारी पुष्कळदा अविश्वास समजतात. हा गैरसमज दूर करणे व्यवस्थापकाचे काम आहे. संध्याकाळी रोकड दोघांनी मोजून दोघांनी सही केली, तर सकाळी कमी पडलेल्या पाचशेच्या नोटेसाठी एकट्या रोखपालाकडे कुणी बोट दाखवत नाही.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ नुसार दरवर्षी लेखापरीक्षण होते; कलम ८३ खाली चौकशी आणि कलम ८८ खाली जबाबदार व्यक्तींकडून नुकसान वसूल करता येते. नोकराने केलेल्या विश्वासघाताला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ नुसार ७ वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र ही सारी पैसा गेल्यानंतरची पावले.

अपहाराची पहिली कुणकुण बहुधा सहकाऱ्याला किंवा ठेवीदाराला लागते. म्हणून तक्रार ऐकणारा माणूस शाखेबाहेरचा असावा आणि तक्रार करणाऱ्याचे नाव फुटू नये. पिग्मी भरणाऱ्याने एजंटाच्या मशीनची पावती व मोबाइलवरचा मेसेज ताडून पाहावा, महिन्यातून एकदा शाखेत जाऊन पासबुक भरून घ्यावे. आकडा जुळला नाही तर त्याच दिवशी शाखेत विचारावे, एजंटाला नव्हे.