गोव्यात राहून कोकणातल्या बेने इस्रायली दफनभूमीसाठी अर्ज कसा करावा

तुम्ही गोव्यात राहता आणि पणजोबांची कबर अलिबाग, पेण किंवा रोह्याकडच्या बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, जुन्या दफनभूमीत रानात बुडाली आहे, तर कोयता लावण्याआधी जमीन कोणाच्या नावावर आहे ते बघा. साफसफाईच्या परवानगीचा अर्ज कुठे जाईल, हे त्यावरच ठरतं.

आपल्याकडे जसा फॉर्म एक-चौदा, तसा महाराष्ट्रात सातबारा. महाभूमी पोर्टलवर डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. जागा गावठाणात असेल तर प्रॉपर्टी कार्ड काढा.

नाव सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनागृहाच्या) ट्रस्टचं निघालं, तर आधी विश्वस्तांना लेखी विनंती करा. ते दाद देत नसतील तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जा. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 अ खाली विश्वस्तांना निर्देश देता येतात. त्यासाठी तुम्ही ‘हितसंबंधी व्यक्ती’ आहात हे दाखवावं लागतं. गोव्यात राहता ही अडचण नाही. जमीन गावची असेल, तर अर्ज ग्रामपंचायतीला; सरकारी असेल, तर तहसीलदाराकडे. खासगी असेल, तर मालकाची लेखी संमती घेतल्याशिवाय आत काम करू नका.

सोबत उतारा, आधार, जागेचे फोटो आणि नात्याचा पुरावा जोडा. गोव्यात नोंदलेल्या जन्माचा, लग्नाचा दाखला सिव्हिल रजिस्ट्रारकडे मिळतो. स्वतः जाता येत नसेल तर तिथल्या नातेवाइकाच्या नावे नोटरीकडून मुखत्यारपत्र करा. जुने नकाशे हवे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो. उत्तराची मुदत 30 दिवस.

नात्याचा सगळ्यात बोलका पुरावा मात्र कबरीचा दगड. बऱ्याच दगडांवर हिब्रूखाली मराठी मजकूर असतो. साल फक्त हिब्रूत असेल तर त्यातून 3760 वजा करा: 5698 म्हणजे 1938. ज्यू वर्ष शरदात सुरू होतं, म्हणून मृत्यू त्या वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांतला असेल तर 1937 धरा. हिब्रू अक्षरांत हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो, तिथे 5000 मिळवून घ्या. फोटो तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी काढा. झिजलेली अक्षरं तेव्हाच उठून दिसतात.

परवानगी मिळाली तरी ॲसिड, तारेचा ब्रश आणि सिमेंट कबरीजवळ नेऊ नका. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. पिंपळाचं मूळ उपटू नका, दगड फुटतो, ते कापा. काम शनिवारी ठेवू नका, तो शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. आणि प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच घ्या.