कळ कोणी दाबली? कीबोर्ड-माऊस स्क्रिप्टच्या बिघाडांमागची गोष्ट

स्क्रिप्ट चालते, एररही येत नाही, पण समोरच्या विंडोत एक अक्षर उमटत नाही. कीबोर्ड-माऊस ऑटोमेशन, म्हणजे कळा दाबण्याचं आणि क्लिकचं काम स्क्रिप्ट नावाच्या छोट्या प्रोग्रामकडून करवून घेणं, हे करणाऱ्या कुणालाही हा अनुभव नवा नाही. मग आपण कोड पुन्हा पुन्हा वाचतो, ओळी पुढेमागे करतो, आणि बऱ्याचदा कोडमध्ये दोष नसतोच. एके काळी संगणक आलेली प्रत्येक कळ खरी मानायचा. गेल्या वीसेक वर्षांत तो ‘ही कोणी पाठवली?’ असं विचारायला शिकला आहे, आणि उत्तर पटलं नाही तर पुष्कळदा न सांगता ती कळ टाकून देतो.

१९८१ च्या आयबीएम पीसीवर मामला सरळ होता. कळ दाबली की बायोस (संगणकात आधीपासून बसवलेला मूळ प्रोग्राम) तिचा कोड मेमरीतल्या एका छोट्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या रांगेत, ठेवायचं आणि प्रोग्राम सवडीने तो उचलायचा. या बफरमध्ये १५ कळा मावत. सोळावी आली की ‘बीप’. कोड बोटाने आला की दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने तिथे ठेवला, हे कळायला काही मार्गच नव्हता. म्हणूनच प्रोकी, सुपरकी यांसारखे प्रोग्राम मेमरीत ठाण मांडून बसू शकले: एक कळ दाबा, वीस कळांचं काम करून घ्या. तेव्हाचे बिघाडही तसेच साधे. एक तर बफर भरायचा, नाही तर असे दोन प्रोग्राम एकाच इंटरप्टवरून (कळ दाबल्याची वर्दी देणाऱ्या संकेतावरून) भांडायचे. कोणता आधी चढवला यावर सगळं अवलंबून.

१९८३ च्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमधली मॅक्रो ही कल्पना आपल्याला जास्त जवळची. मॅक्रो म्हणजे सेलमध्ये लिहून ठेवलेल्या कळा. एन्टरसाठी ~ हे चिन्ह, बाणाच्या कळांची नावं महिरपी कंसात. पुढे १९९१ मध्ये विंडोजसाठी प्रोग्राम लिहायचं व्हिज्युअल बेसिक आलं. त्याच्या कळा पाठवणाऱ्या सेंडकीज आदेशातही एन्टरला तेच ~ आणि तेच महिरपी कंस आहेत. शिवाय शिफ्टसाठी +, कंट्रोलसाठी ^ आणि ऑल्टसाठी %. ‘सूट ५०%’ असं साधं वाक्य सेंडकीजला दिलं की ५० उमटतात, टक्क्याचं चिन्ह गायब होतं आणि पुढचं अक्षर ऑल्टसकट दाबलं जाऊन एखादा मेनूच उघडतो. पुढे आलेल्या ऑटोहॉटकी या स्क्रिप्टच्या भाषेत ऑल्टची जागा ! ने घेतली आहे, त्यामुळे तिथे ‘अभिनंदन!’ घात करतं. उपाय दोन्हीकडे एकच: ते चिन्ह महिरपी कंसात टाकायचं. ऑटोहॉटकीत मजकूर जसाच्या तसा पाठवण्याचा वेगळा पर्यायही आहे. कळ आणि मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

माऊस या खेळात आला तो विंडोज ३.० सोबत, १९९० मध्ये. त्यात ‘रेकॉर्डर’ नावाचा प्रोग्राम फुकट मिळायचा: कळा आणि क्लिक नोंदवा, पुन्हा वाजवा. माऊसची जागा पडद्याच्या कोपऱ्यापासून मोजायची की विंडोच्या, हे तो तेव्हाही विचारायचा, आणि आजही क्लिक भलतीकडे पडला तर पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो. विंडोज ९५ मध्ये रेकॉर्डर काढून टाकला गेला. ती पोकळी भरली बाहेरच्यांनी. जोनाथन बेनेट यांचं ऑटोमेशनचं साधन ऑटोइट १९९९ चं. त्यात हॉटकीची (ठरावीक कळांनी काम सुरू करण्याची) भर घालावी ही सूचना तिथे फारशी रुचली नाही, तेव्हा ख्रिस मॅलेट यांनी २००३ मध्ये स्वतःच ऑटोहॉटकी काढलं. (सूचना नाकारल्यावर रुसून बसण्यापेक्षा हे बरं.) ऑटोहॉटकीची दुसरी आवृत्ती २०२२ च्या अखेरीस पक्की झाली आणि तिने जुनं व्याकरण मोडलं. पहिल्या आवृत्तीत मजकूर अवतरणचिन्हांशिवाय चालायचा, दुसरीत चालत नाही. इंटरनेटवरून उचललेला तुकडा पहिल्याच ओळीला अडला, तर तर्क लढवण्याआधी तो कोणत्या आवृत्तीचा आहे ते पाहावं.

आता मूळ वळणाकडे. विंडोजमध्ये एक प्रोग्राम दुसऱ्याच्या विंडोला संदेश पाठवू शकतो, आणि समोरच्याला पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही. २००२ मध्ये ‘शॅटर अटॅक’ या नावाने हे उघड मांडलं गेलं: कमी अधिकाराचा प्रोग्राम जास्त अधिकाराच्या प्रोग्रामच्या विंडोला संदेश पाठवून त्याच्याकडून हवं ते करून घेऊ शकत होता. विंडोज व्हिस्टामध्ये त्यावर भिंत उभी राहिली. प्रत्येक प्रोग्रामला विश्वासाची पायरी मिळाली आणि खालच्या पायरीवरून वर कळ किंवा क्लिक पाठवायला बंदी झाली. व्हिज्युअल बेसिक ६ मधलं जुनं सेंडकीज व्हिस्टावर थेट ‘परवानगी नाही’ म्हणून एरर ७० द्यायला लागलं. ते निदान बोललं तरी. प्रोग्रामला कळा पाठवू देणारं विंडोजचं सेंडइनपुट हे फंक्शन मात्र या भिंतीवर आपटलं तर सांगतच नाही. अपयशाचं कारण ही भिंत आहे हे ना परत येणाऱ्या आकड्यातून कळतं, ना एरर कोडमधून, आणि मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात ते तसं लिहूनही ठेवलं आहे. माझ्या मते ऑटोमेशनमधले सर्वांत जास्त वाया गेलेले तास या एका शांततेने खाल्ले असतील.

तपासायला मिनिटही लागत नाही. नोटपॅड नेहमीसारखं उघडा, स्क्रिप्ट चालवा: मजकूर येतो. तेच नोटपॅड ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून’ उघडा आणि तीच स्क्रिप्ट चालवा: काही येत नाही. टास्क मॅनेजरच्या तपशीलाच्या टॅबमध्ये प्रोग्राम चढत्या अधिकाराने चाललाय का हे दाखवणारा स्तंभ जोडता येतो. दोघांची पायरी जुळत नसेल तर कोडला हात लावायचं कारण नाही. स्क्रीन लॉक केली किंवा रिमोट डेस्कटॉपची विंडो मिनिमाइझ केली की थांबणाऱ्या स्क्रिप्टही याच जातीच्या: ज्या डेस्कटॉपवर क्लिक करायचं, तोच त्यांच्यासमोर उरलेला नसतो.

फोकसचा, म्हणजे कळा कोणत्या विंडोत जाव्यात याचा, नियम याहून जुना. विंडोज ९८ आणि २००० पासून एखाद्या प्रोग्रामला मनात आलं म्हणून पुढे उडी मारता येत नाही; त्याचं बटण टास्कबारवर लुकलुकतं, एवढंच. वापरणाऱ्याला हा दिलासा आहे, पण स्क्रिप्टला खड्डा. माझ्या एका स्क्रिप्टने अर्धा मजकूर फॉर्ममध्ये आणि उरलेला अर्धा मध्येच उघडलेल्या चॅटच्या खोक्यात टाकला होता, वर एन्टरही मारलं होतं. तेव्हापासून कळा पाठवण्याआधी ‘ही विंडो खरंच समोर आहे का’ हे विचारून घेतो. नुसतं अर्धा सेकंद थांबणं म्हणजे देवावर हवाला.

क्लिकच्या जागेचा घोळ मोठ्या, दाट स्क्रीन आल्यावर वाढला. १९२० पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवर १२५ टक्के स्केलिंग लावलं (सगळं सव्वापट मोठं दाखवलं) की जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामला ती रुंदी १५३६ च दिसते. चित्रात मोजलेला १०००, ५०० हा बिंदू अशा प्रोग्रामने वापरला तर क्लिक प्रत्यक्षात १२५०, ६२५ वर पडतो. विंडोज ८.१ पासून प्रत्येक मॉनिटरचं स्केलिंग वेगळं ठेवता येतं, त्यामुळे लॅपटॉपवर नेमकी बसणारी स्क्रिप्ट शेजारच्या मॉनिटरवर घसरते. आकडे टाळायचे म्हणून एमआयटीतल्या सिकुली या साधनाने २००९ च्या सुमारास बटणाचं चित्रच शोधायचा मार्ग काढला. पण स्केलिंग किंवा थीम बदलली की चित्रही बदलतं! पायथॉनच्या पायऑटोजीयूआय या लायब्ररीमध्ये चित्रशोध आहेच, शिवाय एक सोय मला फार शहाणपणाची वाटते: माऊस पडद्याच्या कोपऱ्यात नेला की स्क्रिप्ट थांबते. सुटलेल्या स्क्रिप्टला आवरायला कधी कधी तेवढंच हाताशी असतं.

मॅकने परवानगी उघडपणे मागायचा रस्ता धरला. २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत प्रत्येक ॲपला वेगळी खूण करावी लागते, २०१९ च्या कॅटालिनापासून स्क्रीन पाहण्यासाठीही. मेख अशी की परवानगी तुमच्या पायथॉन फाइलला नसते, ती ज्या टर्मिनलमधून किंवा एडिटरमधून चालवली त्याला असते. एडिटर बदलला की ‘कालपर्यंत चालत होती’ सुरू.

लिनक्सवर उलटा प्रकार. पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या १९८७ च्या एक्स११ या यंत्रणेत कुठलाही प्रोग्राम दुसऱ्याच्या कळा ऐकू शकतो, पाठवूही शकतो. एक्सडूटूल हे कळा पाठवणारं साधन त्याच मोकळीकीवर उभं आहे. तिच्या जागी २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने ती मोकळीक मुद्दाम ठेवली नाही, आणि उबुंटू या लिनक्सने आवृत्ती २१.०४ पासून वेलँड मूळ पर्याय केला. एक्सडूटूल आता काही जुन्या ॲपमध्ये चालतं, बाकीच्यांत नाही, आणि हे अर्धवट चालणंच जास्त गोंधळात टाकतं. लॉगिनच्या पडद्यावरच्या दातेरी चाकातून जुनं एक्स११ सत्र निवडून पाहिलं की निदान होतं. तो पर्याय नसेल तर वायडूटूल आहे. ते थेट कर्नलमार्फत (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून) कळ पाठवतं, म्हणून त्याला वेगळे अधिकार द्यावे लागतात.

विंडोज प्रत्येक बनावट कळेवर ‘ही घुसवलेली आहे’ अशी खूण ठेवतं, आणि कीबोर्डवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामला ती वाचता येते. ती टाळायला काही जण स्क्रिप्ट संगणकाबाहेरच नेतात. २०१२ च्या आर्डुइनो लिओनार्डोसारखा छोटा बोर्ड यूएसबीला लावला की संगणक त्याला खराखुरा कीबोर्ड समजतो. ना पायरी आड येते, ना खूण. फक्त हा बोर्ड अक्षर पाठवत नाही, कळेची जागा पाठवतो, आणि त्याची नेहमीची लायब्ररी अमेरिकी मांडणी गृहीत धरते. संगणकावर मराठी टंकनाची इन्स्क्रिप्ट मांडणी चालू असेल, तर इंग्रजी ‘के’ पाठवल्यावर समोर ‘क’ उमटतो.